जान्याच्या नावावर

१

रुपाचं सातव्या महिन्याचं पोट संगणकाला पटेना.

काठी गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यावर त्या दिवशी लसीकरण होतं. आरोग्यसेवक नवलसिंग गरोदर बायांची नोंद करत होता. रुपाचं नाव घातलं, तर टॅबवर लाल अक्षरं उमटली: या जोडप्याची नसबंदी झालेली आहे, पतीची, तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये. नवलसिंगने ती वाचली, आणि नको तेवढ्या मोठ्याने वाचली. पोरं मांडीवर घेऊन दहा-बारा बाया बसलेल्या होत्या. दुपार व्हायच्या आत पाडाभर झालं की जान्याचं ऑपरेशन झालेलं आहे. मग त्याच्या बायकोच्या पोटात आहे ते कुणाचं?

संध्याकाळपर्यंत जान्याच्या भावांनी रुपाला माहेरी नेऊन घातलं. तिची तिन्ही पोरं ठेवून घेतली. रविवारी पंच बसणार, आणि सरकारी कागद खरा निघाला तर रुपाला घर नाही, पोरं नाहीत, असं ठरलं.

बातमी डोंगर उतरून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आली ती बुधवारी. अधीक्षक डॉक्टर हेमकांत यांनी आरोग्य सहायिका सीमाला बोलावलं. वीस वर्षांची नोकरी, तालुक्यातल्या निम्म्या बाळंतिणी तिला नावाने ओळखत. डॉक्टर म्हणाले, "ताई, तो केसपेपर काढा आणि रविवारच्या आत काय ते मिटवा. वरून विचारणा व्हायला नको."

रेकॉर्डची खोली मागच्या बाजूला. दाराला टेकून लोटनची सायकल उभी. लोटन म्हणजे रेकॉर्डचा कारकून, मूळचा तापीकाठच्या कळसाडीचा. शेती भावाकडे सोपवून आई, बायको आणि दोन मुलींना घेऊन इथे भाड्याने राहायचा. कागद सापडला नाही असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. पण आज त्याने गठ्ठा सोडला आणि आकडे पुन्हा मोजले. सव्वीस होता, अठ्ठावीस होता. मधला सत्तावीस, जान्याचा, नव्हता.

"मी त्या गठ्ठाले हात बी लाया नही, ताई," तो म्हणाला. "कपाटनी चावी तीन जनासकडे ऱ्हास. मन्हाकडे, सायबकडे, आनि नवलसिंग बी यादी कराले लई जास."

तेवढ्यात त्याची आई कौसाबाई जेवणाचा डबा घेऊन आली. सीमा दिसल्यावर तिने आपलं रोजचं गाऱ्हाणं काढलं. "ताई, मन्ही सुनले काही औषध द्या ना. दोन पोरी व्हयन्यात, तठून तीन वरीस व्हयनात, काहीच नही. रंजिता उपास करस, तापास करस, गुण येत नही. तिनामाच काही खोट शे."

"माय, तू घर जाय," लोटन म्हणाला.

सीमाचं लक्ष नव्हतं. केसपेपर गेला, पण नोंदवही जागेवर होती, आणि ती वही तिने उघडली होती. नसबंदीचं शिबिर आपल्याकडे नव्हतं, खांडबाऱ्याच्या पलीकडच्या एका केंद्रात झालेलं. माणूस आपल्या तालुक्याचा म्हणून कागद इकडे आलेले. प्रवर्तक, म्हणजे त्याला तयार करून आणणारा: नवलसिंग. आणि शेवटचा रकाना गृहभेटीचा. त्यात लिहिलं होतं: भेट दिली, लाभार्थी समाधानी.

खाली सही होती. ती सीमाची होती, आणि सीमाने त्या पाड्यावर आजवर पाऊल ठेवलं नव्हतं.

२

मार्च अखेरीच्या दिवसांत माणूस काय काय करतो, ते सरकारी नोकराला विचारावं. त्या वर्षी तालुक्यात बायांची ऑपरेशनं दीडशेवर आणि पुरुषांचं एकही नाही. प्रत्येक बैठकीत सीमाला उभं करून विचारलं जायचं. मग हे एक नाव आलं. पुढच्या बैठकीत सीमाला गुलाबाचं फूल मिळालं, टाळ्या झाल्या. तीन महिन्यांनी गृहभेटीचा कागद टेबलावर आला. पाड्याची चढण चार तासांची. सीमाने खुर्चीत बसूनच भेट दिली.

गुरुवारी मात्र ती चढली. पुढे नवलसिंग, मागे धापा टाकत ती. नवलसिंग डोंगरातलाच, पावरा जमातीचा. वाटेत एरवी बोलून बोलून जीव घ्यायचा. आज गप्प होता.

"प्रवर्तक म्हणून तुझं नाव आहे, नवलसिंग."

"दिसलं मला. मी कुणालाच नेलं नव्हतं, ताई. तुम्हाला खरं वाटत नसेल, तर नका मानू."

ते तिला खरं वाटलं नाही. पुरुषाच्या एका ऑपरेशनसाठी तिच्याइतकीच त्याचीही मान पकडली जायची. खोटं नाव घालून मोकळा झाला असेल, असाच तिचा हिशेब होता. आणि त्यात तिला थोडं बरंही वाटत होतं, कारण मग दोष तिच्या एकटीचा राहत नव्हता. ते बरं वाटणं लक्षात आल्यावर तिला स्वतःची लाज वाटली.

जान्या अंगणात बसला होता. पोरं त्याच्या अवतीभवती. त्याने सीमाला बसायला खाट दिली, पाणी दिलं, आणि मग तोडक्या मराठीत सरळ विचारलं, "तुम्ही मला काय केलं?"

"तू शिबिराला गेला होतास का?"

"नाही." त्याने धोतर किंचित खाली सारून जांघेतला व्रण दाखवला. "हर्निया. त्या वर्षी पौषात, तुमच्या दवाखान्यात. पाठीत सुई टोचली. कमरेखालचं काही कळत नव्हतं. तुम्ही आत काय कापलं, मला काय ठाऊक?"

याला स्वतःचीच खात्री नव्हती.

"पण कागदावर तारीख मार्चची आहे. होळीच्या दुसऱ्या दिवसाची."

जान्या हसला, त्यात हसू नव्हतं. नवलसिंगने पुढचं सांगितलं. हर्नियातून नीट उठलो तर होळीत बुध्या होईन, असा जान्याचा नवस होता. त्या पाच दिवसांत त्याच्या अंगावर राखेचे पट्टे होते, कमरेला दुधीभोपळे बांधलेले. बुध्याने खाटेवर बसायचं नाही, बाईच्या हाताला शिवायचं नाही, अंघोळ करायची नाही, गावोगाव नाचत फिरायचं. सगळ्या पाड्याने त्याला पाहिलं होतं.

"म्हणजे तू नव्हतासच तिथे!" सीमा म्हणाली.

"त्याने काय होतं? पंच म्हणतात, कापलं पौषात, कागद भरला मार्चमध्ये. तुम्ही भरता तसे."

सीमा एवढंच म्हणाली की एक साधी तपासणी असते, वीर्याची. एका दिवसात कळेल.

जान्याने मान हलवली. "नाही. माझा रुपावर भरोसा आहे, तुमच्यावर नाही. आणि तपासणीत काही नाही निघालं तर? मग मला तिला सोडावं लागेल. मला नाही सोडायचं." तो धाकट्या पोराचे केस नुसते चाचपत राहिला. "तुमच्या कागदात खोटं कुठे आहे, ते तुम्ही शोधा."

३

शुक्रवारी सकाळी सीमा खांडबाऱ्याला उतरली. तिथून पलीकडच्या केंद्रात रिक्षाने. मार्च अखेर म्हणून सुट्टीच्या दिवशीही घेतलेलं शिबिर, धुळ्याहून सर्जन आलेले, त्यांना कोण आठवणार? एका दिवसात चाळीस माणसं. केंद्रातल्या नर्सने जुन्या वह्या पुढ्यात टाकल्या.

सीमा मनाशी सगळं जुळवून आली होती. ऑपरेशन झालंच नसेल. नुसतं नाव असेल. टाके तपासायला कुणी आलं नसेल, तीन महिन्यांनी नमुना द्यायला कुणी आलं नसेल. तसं सिद्ध झालं की नवलसिंगला पुढे करायचं आणि रुपाला घरी आणायचं.

प्रयोगशाळेच्या वहीत जूनच्या पानावर ओळ होती: जान्या, वीर्यतपासणी, शुक्राणू आढळले नाहीत.

सीमाने ती ओळ दोनदा वाचली. खोट्या नावाला शिक्का मिळतो, सही मिळते. पण त्याचा नमुना कुठून येणार? कुणीतरी खरोखर आलं होतं. टेबलावर झोपलं होतं, आणि तीन महिन्यांनी परत येऊन बाटली देऊन गेलं होतं. म्हणजे जान्याची भीती खरी असू शकत होती. तो लपवत असू शकत होता. रुपाही लपवत असू शकत होती.

तिने बाह्यरुग्ण विभागाची वही ओढली. शिबिरानंतरचा सातवा दिवस. त्या वर्षी तिथे कोल्हापूरकडचा एक नवखा डॉक्टर होता. बाकी सगळं त्याने इंग्रजीत लिहिलं होतं, पण जान्याच्या नावापुढे पेशंटचं बोलणं कानावर पडलं तसं उतरवलेलं: "आते बरं शे. सायकल चालाडू का?" आणि खाली, भाषा नीट समजली नाही.

सीमा वही मांडीवर घेऊन बसली. नर्स म्हणाली, "ताई, चक्कर आली का? पाणी आणू?"

जान्या घरी पावरी बोलतो, आपल्याशी तोडकं मराठी. अहिराणीचा एक शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. आणि सायकल? त्या चढणीवर माणसाला सायकल खांद्यावर घेऊन जावी लागेल.

जान्याच्या नावाने तापीकाठचा कुणीतरी येऊन गेला होता.

४

परतीच्या बसमध्ये तिने एकेकाला समोर उभं केलं.

नाव उचललं ते आपल्या कपाटातून. केंद्रात ओळख म्हणून रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली होती. तशी एक जान्याच्या हर्नियाच्या फायलीत असणारच. कार्डावर फोटो बाईचा, त्यामुळे कुणी तोंड पडताळून पाहिलं नाही. म्हणजे माणूस चावीवाला. तिघांतला एक.

नवलसिंग? त्याला खोटं नाव घालायचंच असतं, तर होळीच्या पाच दिवसांतली तारीख त्याने घेतली नसती. त्या दिवसांत डोंगरातला माणूस गुजरातेत ऊसतोडीला असला तरी घर गाठतो, खाली कुणी उतरत नाही. हे नवलसिंगला आईच्या दुधाबरोबर कळलेलं. अशी चूक सपाटीवरचाच करणार, ज्याची होळी एका संध्याकाळी पेटते आणि दुसऱ्या दिवशी रंग खेळून संपते. त्याला त्या तारखेत एवढंच दिसलं असेल की कचेरीला सुट्टी आहे आणि आपण कुठे गेलो ते कुणी विचारणार नाही. नवलसिंगवर आपण दोन दिवस मनातल्या मनात चोरीचा आळ घेतला, याचं सीमाला फार वाईट वाटलं.

डॉक्टर हेमकांत? अहिराणी त्यांच्या घरचीच. पण ते मोटारीशिवाय हलत नाहीत, आणि ऑपरेशननंतर काय करावं, हे डॉक्टर कशाला विचारील?

शनिवारी दुपारी सीमा रेकॉर्डच्या खोलीत गेली. लोटन गठ्ठे बांधत होता. तिने दार लोटलं, स्टुलावर बसली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मंग लोटनभाऊ, डॉक्टरनी सायकल चालाडू दिधी का?"

लोटनच्या हातातली सुतळी तशीच राहिली. त्याने खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग खाली जमिनीवरच बसला.

"कागद मी जाळी टाका," तो म्हणाला. "जान्या अंगठा लावस. मी सही करेल व्हती. कोनी बी वळखतं."

तो पुढे सांगत राहिला.

"धाकलीना टाईमले रंजितानं दुसरं सीझर व्हयनं. डॉक्टरनी सांगं, आखो पोट फाडं तर बाई वाचाव नही. तिनं ऑपरेशन करी टाकू म्हनं, त मायनी करू दिधं नही. पोऱ्या पाहिजे. मंग मीच गऊ. आमना गावमा मानूस ऑपरेशन करत नही, ताई. लोके बैल म्हनतीन. माय इहीरमा उडी टाकती." त्याने हातातली सुतळी खाली ठेवली. "डोंगरमधला मानूस, कोन देखाले जास, असं वाटनं. नवलसिंगनं नाव बी मीच लिखं."

"रंजिताले माहीत शे?"

"नही."

सीमाला कौसाबाईचा डबा आठवला, ते गाऱ्हाणं आठवलं. एकीला मूल होणार म्हणून घराबाहेर काढलं, दुसरीला होत नाही म्हणून घरात छळत होते, आणि दोघींच्या मध्ये हा एक भला माणूस तोंड मिटून बसला होता. बायकोचा जीव वाचावा म्हणून केलेलं होतं सगळं. त्याच्यावर नीट चिडताही येईना.

"तू आज तपासणी करशील," ती म्हणाली. "तुझ्या स्वतःच्या नावाने. आणि उद्या पंचांसमोर सांगशील. त्याआधी घरी."

"आनि तुम्ही? गृहभेटवर सही तुमनी शे. ती भेट खरी ऱ्हाती तर मी तवयच सापडतू."

हे तिला ऐकवायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती, तरी ते लागलं. संध्याकाळी तिने डॉक्टर हेमकांतना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कारकुनाचं सांगा. तुमच्या सहीचं काढू नका, ताई. निलंबन होईल. पंच काय नोंदवही बघणार आहेत?"

५

रविवारी सकाळी ठरल्या जागी लोटन आला नाही. सीमाने अर्धा तास वाट पाहिली आणि नवलसिंगबरोबर चढायला लागली. पर्समध्ये लोटनच्या तपासणीचा कागद होता. पण ज्याचा कागद तो माणूसच नसेल, तर सरकारी कागदावर आता कोण विश्वास ठेवणार?

पंच झाडाखाली बसले होते. रुपाला तिच्या बापाने आणलं होतं. ती एका बाजूला बसली होती, आणि तिची पोरं पलीकडच्या बाजूला, मध्ये पंच. धाकटं तिच्याकडे जायला धडपडत होतं, चुलती त्याला धरून होती.

सीमा उभी राहिली. नवलसिंग शेजारी, पावरीत सांगायला.

"जान्याच्या घरी मी आले होते, तो समाधानी आहे, असं मी लिहिलं आहे," ती म्हणाली. "मी आले नव्हते. खुर्चीत बसून सही केली. आले असते तर त्याच दिवशी कळलं असतं की हा माणूस तो नव्हे."

नवलसिंगने सांगितलं. म्हातारा पंच काहीतरी बोलला. नवलसिंग हळूच म्हणाला, "तो म्हणतो, तू खोटं लिहिलंस हे कळलं. पण मग कापलं कुणाला?"

सीमा वाटेकडे बघत राहिली. कुणी येताना दिसेना. पंच आपसात बोलू लागले, रुपाचा बाप उठून उभा राहिला. तेवढ्यात खालच्या बाजूला कुत्री भुंकली. लोटन वर येत होता, घामाने भिजलेला, आणि त्याच्या मागे रंजिता. तिचे डोळे सुजलेले होते. त्याने घरी सांगितलं होतं, आणि पंचांना सांगताना तुझ्या तोंडाकडे मला बघायचंय म्हणून ती सोबत आली होती.

लोटन पंचांसमोर हात जोडून उभा राहिला. त्याला पावरी येत नव्हती, मराठी नीट सुचेना, शेवटी अहिराणीतच बोलला. "ऑपरेशन मन्हं व्हयेल शे. जान्यानं नही. नाव मी चोरं." सीमाने तपासणीचा कागद नवलसिंगच्या हातात दिला, त्याने तो वाचून सांगितला. कुणीतरी हसलं. म्हाताऱ्या पंचाने हसणाऱ्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

जान्या उठला. पंचांना काही न विचारता त्याने धाकट्याला चुलतीच्या हातून घेतलं आणि रुपाच्या मांडीवर नेऊन ठेवलं. बाकीची दोघं आपणहून धावली. रंजिता ते बघत उभी राहिली, मग लोटनकडे न बघता उतरायला लागली.

सीमाचं काम संपलं होतं. ती रुपाजवळ गेली. काय म्हणावं ते न सुचून म्हणाली, "बाळंतपणाला खाली ये. मी स्वतः असेन."

रुपा बोलायला लागली. बराच वेळ बोलली, आवाज न चढवता. नवलसिंग ऐकत होता, पण सांगत नव्हता. त्याची मान खाली गेली होती.

"काय म्हणते?"

"राहू द्या, ताई."

"सांग."

"ती म्हणते," नवलसिंग म्हणाला, "तीन पोरं मला पुरे होती. दोन पावसाळ्यांत मी दोनदा याच्याकडे, म्हणजे माझ्याकडे, पोर राहू नये म्हणून गोळ्या मागितल्या. हा म्हणाला, तुझं घर यादीत नाही." तो थांबला. "खरं आहे. ज्यांचं ऑपरेशन झालंय ती घरं यादीतून कमी होतात. मी यादी बघितली. का नाही, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर..."

तीन वर्षांपूर्वी गृहभेट झाली म्हणून ते घर यादीतून कमी झालं होतं. कमी करण्याची शिफारस त्याच कागदात खाली छापलेली असते, सही एकच. रुपाने पोटावर हात ठेवला आणि एवढं मात्र मराठीत, सीमाला कळावं म्हणून, म्हणाली, "हे जान्याचं आहे. ते मला ठाऊक होतं. पण आलं ते तुझ्या सहीने."

सीमाच्या डोळ्यांत पाणी आलं. रुपाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

"खाली येईन," ती म्हणाली. "हे झाल्यावर ऑपरेशन पण करेन. पण कागद आधी इथे आणायचा. सगळ्यांसमोर वाचायचा. मग मी अंगठा देईन. येशील?"

सीमाने मान हलवली.

"मान नको हलवू," रुपा म्हणाली. "तोंडाने सांग."

आणि सीमाने सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं सांगितलं.